पहिली गाडी मळकी घ्या, अन् डिटेलिंगचा धंदा तिच्यावरच शिका

भाऊ हो, जुनी गाडी पाहायला गेलो की आपण सगळे आधी रंगच पाहतो, चमकते का, सीट कव्हर नवं आहे का, आणि तिथंच फसतो. मी दर्यापूर तालुक्यातला, घरी कोरडवाहू शेती, आणि गेली चार वर्षं गाड्या आतून-बाहेरून साफ करून द्यायचं काम करून राह्यलो, ज्याला शहरात कार डिटेलिंग म्हणतात. त्यामुळे चमक आणायला किती लागते ते आता मला पक्कं माहीत आहे. दीड दिवस आणि हजार-बाराशेचं सामान, बस. इंजन, गिअरबॉक्स आणि सडलेला पत्रा मात्र दीड दिवसात दुरुस्त होत नाही. म्हणून दिसायला खराब पण हाडानं चांगली अशी गाडी शोधा, त्या मळकेपणाचेच पैसे कमी करून घ्या, आणि ती साफ करता करता जो हात बसेल त्याच्यावर पुढे कमवा.

मी पहिल्यांदा अमरावतीला एका गाडी बाजारात गेलो तेव्हा एक लाल स्विफ्ट मनात भरली होती, नुसती आरशासारखी. सोबत आमच्या गावचा मिस्तरी होता, त्यानं बोनेटला हातही लावला नाही. सरळ मागं गेला, डिक्कीतलं कार्पेट उचललं, स्टेपनी काढायला लावली आणि त्या खड्ड्यात बोट फिरवलं तं बारीक गाळ निघाला. मग पुढचा सीटबेल्ट ओढला, पूर्ण, जिथपर्यंत आपण कधीच ओढत नाही तिथपर्यंत, आणि शेवटच्या हातभर पट्ट्यावर मातीची आडवी रेघ. "पुरात बुडेल गाडी आहे हे, चाल," एवढंच म्हणे. मी रंगावर भाळलो होतो, एकटा असतो तं त्याच दिवशी टोकन देऊन आलो असतो.

तं पाहायचं काय. गाडी सकाळी पाहा, इंजन थंड असताना, आणि मालकाला आधीच फोन करून सांगा की चालू करून ठेवू नका, कारण गरम इंजन बऱ्याच गोष्टी लपवते. ऑइलचं झाकण उघडून आत पाहा, दुधासारखा चिकट थर असेल तं ऑइलमध्ये पाणी जात असायची शंका घ्या. चालू करून मागं उभं राहा, निळसर धूर म्हणजे इंजन ऑइल खाते, आणि गरम झाल्यावरही पांढरा दाट धूर येत राह्यला तं कूलंट आत जाते, दोन्ही खर्चाची कामं. क्लच पाहायला तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये हळू चालवून एकदम ॲक्सिलेटर द्या, इंजनचा आवाज वाढला पण गाडी पळाली नाही तं क्लच गेला. टायरवर डॉट लिहिलेलं असते त्याच्या शेवटी चार आकडे असतात, २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३वा आठवडा, नक्षी कितीही शाबूत असली तरी सहा-सात वर्षांचा टायर आपल्या मे महिन्यातल्या डांबरावर भरवशाचा नाही. गाडी किती किलोमीटर चालली हे काट्यावरून ठरवू नका, काटा मागं करता येते, त्यापेक्षा ब्रेक-क्लचच्या पेडलचं रबर, स्टिअरिंग आणि ड्रायव्हर सीटची कड किती झिजली ते पाहा. चाळीस हजार चालली म्हणतात आणि पेडल गुळगुळीत झालं असेल तं समजून घ्या. दाराच्या रबरी पट्ट्या ओढून आतला पत्रा पाहा, दारांमधल्या फटी दोन्ही बाजूंना सारख्या आहेत का पाहा, बोनेटच्या नटांवर पान्याच्या खुणा पाहा, ठोकलेली गाडी तिथंच कळते. हे सगळं जमत नसेल तं मिस्तरीला पाचशे रुपये आणि जेवण द्या पण सोबत न्या.

याउलट काही गोष्टी दिसायला भयंकर पण असतात किरकोळ, आणि भाव त्याच्यावरच पाडायचा. बोनेटवर पाण्याचे पांढरे डाग, टपाचा रंग उडाल्यासारखा फिका, हेडलाइट पिवळ्या पडलेल्या, सीटला वास, दारावर खर्र्याच्या, म्हणजे सुपारी-तंबाखू-चुन्याच्या, पिचकाऱ्या. असं असलं की गिऱ्हाईक नाक दाबून परत जाते. मला अंजनगावला एका रिटायर्ड सरांची २०१२ ची पांढरी वॅगनआर अशीच भेटली, मागच्या सीटवर कधीतरी दूध सांडलेलं, दार उघडलं की डोकं उठायचं. पण सर्व्हिसची एकूण एक पावती फाइलमध्ये लावलेली होती. सांगत होते १ लाख ९० हजार, सुटली १ लाख ६२ हजाराला. बाबा म्हणे, "एवढी घाण गाडी काहून आणली बे, नवी धुवेल भेटली नसती काय?" तिसऱ्या दिवशी त्याच गाडीत बसून सोनोरीला नाही तं लाखपुरीला दर्शनाला जाऊ म्हणून तेच माझ्या मागं लागले.

वॅगनआरच काहून, तं माझं कारण धंद्याचं होतं. छत उंच आहे, मागची सीट पाडली की व्हॅक्यूम, बादल्या, पाण्याच्या दोन कॅन सगळं उभं बसते. ९९८ सीसीच्या के-सिरीज इंजनला टायमिंग चेन आहे, ८०० सीसीच्या जुन्या अल्टोला बेल्ट असते आणि तो वेळेवर बदलावा लागते. सुट्टे भाग तालुक्याला भेटतात. डिझेल घेऊ नका असं माझं स्पष्ट मत आहे, महिन्याला पाचशे-सहाशे किलोमीटर फिरणाऱ्याला डिझेलचा मेंटेनन्स परवडत नाही. गॅस किट असेल तं ते आरसीवर चढवलेलं पाहिजे, नसेल तं ती गाडी सोडा.

कागदाचं काम कंटाळवाणं आहे पण नीट करा. आरसीवरचा चेसिस नंबर गाडीवरच्या नंबराशी स्वतः ताडून पाहा. आरसीवर बँकेचा बोजा असेल तं बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ शिवाय पैसे देऊ नका, "लोन फिटलं आहे फक्त उतरवायचं राह्यलं" हे वाक्य पुष्कळ ऐकायला भेटते. चलान किती बाकी आहे ते ऑनलाइन पाहा आणि मालकाकडून भरून घ्या. टीटीचे, म्हणजे गाडी नावावर करायचे, फॉर्म २९ आणि ३० नंबर, त्याच्यावर सही समोर घ्या, आणि विकणाऱ्यानं आरटीओला १४ दिवसांत कळवायचं असते, आपण ३० दिवसांत अर्ज करायचा असते. आमच्याकडे लोक वर्षानुवर्षं दुसऱ्याच्या नावाची गाडी फिरवतात. उद्या ॲक्सिडंट झाला तं दोघंही कोर्टात. इन्शुरन्ससुद्धा १४ दिवसांत नावावर करायला टाका, नाही तं आपल्या गाडीच्या नुकसानीचा क्लेम अडकते. नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात भेटणारी सूट, जुन्या मालकाची असते, गाडीसोबत येत नाही, त्यामुळे हप्ता थोडा वाढेल हे धरून चाला. १ एप्रिल २०१९ च्या आधीची गाडी असेल तं हाय सिक्युरिटी नंबर प्लेट बसवलेली आहे का तेही पाहा. आणि एमएच २७ म्हणजे अमरावती पासिंगची गाडी घ्या, दुसऱ्या आरटीओची असेल तं तिथल्या एनओसीसाठी हेलपाटे होतात.

आता गाडी दारात आली. पहिले पंधरा दिवस दुसऱ्या कोणाच्या गाडीला हात लावू नका. आपलीच गाडी घ्या.

आपल्या भागातली पहिली अडचण पाणी. आमचा पूर्णेचा खारपाणपट्टा, विहिरीचं-बोअरचं पाणी खारं, गाडीवर वाळलं की पांढरे ठिपके उठतात आणि ते उन्हात रंगात रुततात. मी सुरुवातीला बोअरच्याच पाण्यानं, भर दुपारी, कपड्याच्या पावडरनं गाड्या धुतल्या. एका सरांची काळी गाडी होती, नवीनच, ठिपके जात नाहीत म्हणून मी पोतेऱ्यानं जोर लावून घासली. संध्याकाळी पेट्रोल पंपावर ट्यूबलाइटच्या खाली उभी केली तं बोनेटभर कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल गोल ओरखडे. सर काही बोलले नाहीत, पैसे दिले, परत कधी आले नाहीत. त्या ओरखड्यांचं मला आजही वाईट वाटते, कारण ते पाण्यानं नाही, मातीचा कण कापडात धरून मीच पाडलेले होते.

म्हणून धुण्याची पद्धत अशी ठेवा. सकाळी नऊच्या आत नाही तं संध्याकाळी, सावलीत, पत्र्यावर हात ठेवता आला पाहिजे. आपली काळी माती वाळली की सिमेंट आणि भिजली की लोणी, तिला कोरडी घासायची नाही, आधी खालून वर पाणी मारून दहा मिनिटं मुरू द्यायची, मग प्रेशरनं सोडवायची, चाकाच्या कमानीत आणि सस्पेन्शनवर खास, तिथं हिवाळ्यापर्यंत पेंड बसून राहते आणि पत्रा खाते. चाकं आधी धुवा, त्यांचा ब्रश वेगळा. मग दोन बादल्या, एकीत गाडीचा शॅम्पू, दुसरीत साधं पाणी. हातमोजा शॅम्पूत बुडवायचा, एक दार धुवायचं, साध्या पाण्यात पिळून माती सोडायची, मगच परत शॅम्पूत. टपापासून खाली या, दाराचा खालचा पट्टा सगळ्यात शेवटी. शेवटचं पाणी खारं नको. मी एक नवीन सोळा लिटरचा बॅटरीचा फवारणी पंप घेतला, त्यात आरओच्या कॅनचं पाणी भरतो आणि तेवढ्यात पूर्ण गाडी खंगाळून निघते, पावसाळ्यात टिनाच्या पन्हाळीखाली ड्रम लावून ठेवतो, पावसाच्या पाण्याला तोड नाही. पण घरचा तणनाशक मारलेला पंप वापरू नका, कितीही धुतला तरी नका, तो आपल्या हातातोंडाशी येणार आहे. पुसायला जाड मायक्रोफायबर, दाबून घासायचं नाही, पसरवायचं आणि ओढायचं.

जुने ठिपके असतील तं पांढरं व्हिनेगर आणि पाणी सारखं सारखं मिसळा, कापड ओलं करून डागावर मिनिटभर ठेवा, लगेच शॅम्पूनं धुवा, आधी एका कोपऱ्यात करून पाहा. डांबराचे शिंतोडे थोड्याशा रॉकेलनं सुटतात पण त्याच मिनिटाला शॅम्पू लावून काढा. मग हातात प्लास्टिकची पातळ पन्नी घाला आणि पत्र्यावरून फिरवा, नुसत्या हाताला जे कळत नाही ते पन्नीतून खरखर लागते. लागलं तं क्ले बार, म्हणजे रुतलेला मळ ओढून काढणारा मातीसारखा मऊ गोळा, भरपूर साबणाच्या पाण्यासोबत, आणि क्ले खाली पडला की फेकून द्या, जीव तोडू नका त्याच्यासाठी.

पॉलिशचं मशीन पाहून पोट्टे सगळ्यात आधी तेच घेतात. थांबा. रंगाच्या वरचा क्लिअर कोट माणसाच्या केसापेक्षा पातळ असते आणि दर कंपाउंडला, म्हणजे घासून चमक आणायच्या पेस्टला, त्यातला थोडा कमी होते, म्हणजे दर दिवाळीला रबिंग मारून देतो म्हणणारा माणूस गाडीचं आयुष्य घासून राह्यला. घ्यायचं तं ड्युअल ॲक्शनवालं घ्या, ज्याचं पॅड फिरता फिरता हलतेही, ते एका जागी कमी तापते. भंगारातून एक जुनं बोनेट आणा, माझं शंभर-दीडशे रुपयात आलं, आणि त्याच्यावर शिका. हात-दीड हात जागा, हळू, चार-पाच फेऱ्या, पुसून पाहा. कडा आणि बॉडीच्या रेघांवर टेप लावा, तिथं रंग सगळ्यात पातळ असते. माझ्या वॅगनआरवर पहिल्यांदा मशीन लावलं तेव्हा पॅड पांढरं झालं आणि मी घाबरून बंद केलं, मग कळलं की साध्या पांढऱ्या रंगाच्या जुन्या गाड्यांवर बऱ्याचदा क्लिअर कोट नसतेच, रंगच येते पॅडवर, आणखी हलक्या हातानं करायचं.

पण खरं सांगू काय, खेड्यात पैसा बाहेरच्या चमकेत नाही, आतल्या सफाईत आहे. बाहेरून गाडी कोणीही नळीनं धुते. आतून कोणालाच धुता येत नाही.

आतलं काम कोरडं सुरू होते. मॅट बाहेर, सीट मागं-पुढं, मऊ ब्रशनं माती उठवत व्हॅक्यूम, आणि हे पूर्ण संपेपर्यंत पाण्याचा थेंब नाही, कारण काळी माती कार्पेटात भिजली की चिखल खाली फोममध्ये उतरते आणि मग ती जन्मभर निघत नाही. पुढच्या सीटखाली पिवळ्या प्लगच्या वायरी असतील तं त्या एअरबॅगच्या, हात लावू नका. मग ऑल पर्पज क्लीनर एकास दहा पाणी, ब्रशनं फेस, मायक्रोफायबरनं टिपून घ्या, ओल्या-कोरड्याच्या व्हॅक्यूमनं ओढा. छताचं कापड कधीच भिजवायचं नाही, गोंद सुटते आणि ते डोक्यावर लोंबते, नुसतं फेसानं पुसा. खर्र्याचा डाग हा आपला खास. आधी वाळलेला चोथा जुन्या एटीएम कार्डानं खरवडा, मग फेस, मग टिपणं, दोन-तीनदा, आणि भोवती चुन्याचं पांढरं वर्तुळ राहिलं तं व्हिनेगरच्या पाण्याचा हलका हात. रगडलं की तो पसरते. डॅशबोर्डला पेट्रोल नाही, खोबरेल नाही, तेलकट सिलिकॉनही नाही, संध्याकाळपर्यंत वावरातली सगळी धूळ त्याच्यावर बसते. उन्हाळ्यात दारं उघडी ठेवली की दोन-तीन तासात सीट वाळते, पावसाळ्यात मात्र मी शॅम्पू करायला नाही म्हणतो, आत ओल राहिली की आठ दिवसांत वास सुटते आणि नाव आपलं जाते.

बोनेटखाली मी प्रेशर मारतच नाही. थंड इंजन, ओला कपडा, ब्रश. उंदरांनी केलेलं कापसाचं घर बरेचदा भेटते, ते काढून वायरी कुरतडल्या का पाहून मालकाला सांगायचं, याचे पैसे नाहीत पण माणूस लक्षात ठेवते.

सामानाचा खर्च माझा असा झाला, ओल्या-कोरड्याचं व्हॅक्यूम साडेपाच हजार, प्रेशर वॉशर सात हजार, फवारणी पंप अडीच, कपडे-ब्रश-बादल्या दोन हजार, केमिकल दीड हजार. पॉलिश मशीन वर्षभरानं घेतलं. पैसे नसतील तं सरकारच्या मुद्रा योजनेत शिशू कर्ज ५० हजारापर्यंत आहे, तारण लागत नाही, आणि लहान धंद्याची उद्यम नोंदणी ऑनलाइन फुकट होते, कोणाला त्याचे हजार रुपये देऊ नका. वायरिंगला मात्र पैसे वाचवू नका, ओल्या अंगणात मशीन चालवायचं आहे, अर्थिंग आणि आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लाइन तोडणारा स्विच, लावूनच.

रेट माझा आतली पूर्ण सफाई छोट्या गाडीला बाराशे, बोलेरो-अर्टिगाला सतराशे-अठराशे. चार ते पाच तास लागतात, शंभर रुपयाचं केमिकल, वर पेट्रोल. गिऱ्हाइकाच्या घरी जाऊन करतो, दुकानभाडं नाही. डॉक्टर, मास्तर लोक, कृषी केंद्रवाले, बँकेतले साहेब, यांना रविवारी गाडी घेऊन कुठं जायचं नसते, आपण त्यांच्या अंगणात गेलो की ते खूश. दसरा-दिवाळी आणि लग्नसराईत दिवसाला दोन गाड्या होतात. जून-जुलैत पेरणी असते, कास्तकाराच्या हातात पैसा नसते, तेव्हा महिन्यात पाच गाड्याही होत नाहीत. म्हणून या धंद्याच्या भरवशावर गाडीचा मोठा हप्ता लावून घेऊ नका, मी तं अर्धे पैसे तुरीचे आणि अर्धे मामाकडून बिनव्याजी घेऊन रोखीतच घेतली.

सिरॅमिक कोटिंगचं, म्हणजे रंगावर बसणाऱ्या कडक टिकाऊ थराचं, लोक विचारतात. मी करत नाही. त्याला बंद, धूळ नसलेली जागा लागते, आणि आमच्याकडे ऑक्टोबरमध्ये सोयाबीनचं थ्रेशर चालू झालं की हवेतच भुसा असते. वॅक्स लावून देतो आणि सांगतो की आपल्या उन्हात महिना-दोन महिने टिकेल.

कामाला हात लावायच्या आधी मालकासोबत गाडीला एक फेरी मारून सगळे जुने ओरखडे मोबाईलमध्ये शूट करायचे, नंतरचं भांडण राहत नाही. आणि सीटखाली जे निघेल ते सगळं एका वाटीत ठेवायचं, पाच रुपयाचं नाणं असलं तरी. एकदा मागच्या सीटच्या फटीत अक्षतांच्या तांदळासोबत लहान पोराचा चांदीचा वाळा निघाला, वहिनींनी तो हातात घेतला आणि तिथंच बसल्या, बाळाच्या बारशापासून शोधत होत्या म्हणे. त्या एका घरानं मला त्या गल्लीतल्या सहा गाड्या दिल्या.

सगळ्यात चांगलं गिऱ्हाईक म्हणजे गाडी विकायला काढलेला माणूस. त्याला सांगा, विकायच्या आधी अडीच हजारात आतून-बाहेरून करून देतो. घाण काढली की भाव वाढते हे मी स्वतः घेताना पाहिलं आहे. पण सडलेल्या पत्र्यावर रंग मारून दे, बुडालेल्या गाडीचा वास घालव, असं कोणी म्हटलं तं मी परत येतो. उद्या ती गाडी घेणारा आपल्याच तालुक्यातला पोट्टा असणार, आणि त्याच्यासोबत मिस्तरी असेलच असं नाही.

माझ्या वॅगनआरची १५ वर्षं २०२७ मध्ये भरतात, पुढच्या पाच वर्षांचं पासिंग करून घ्यावं लागेल, त्याच्यासाठी दर गाडीमागं पन्नास रुपये एका डब्यात टाकून राह्यलो. खालचा पत्रा मागच्या आठवड्यात पूर्ण धुवून टॉर्च मारून पाहिला, ड्रायव्हर बाजूच्या कमानीत बोटाएवढा गंज दिसला, तो घासून प्रायमर मारला आहे, पावसाच्या आधी अंडरकोटिंग, म्हणजे खालच्या पत्र्याला गंजरोधक थर, करायचं राह्यलं.